विसराळूपणाचं माहेर

वर्ध्याला जायचं ठरलं ते माझ्या स्कूटरमुळे. दिवाळीनंतरच्या एका सकाळी मी स्कूटरवरून सांगलीच्या मंडईत गेले, मेथी आणि गवार घेतली आणि पिशवी हलवत चालत घरी आले. दुपारी बघते तर अंगणात स्कूटर नाही. मी सगळी गल्ली गोळा केली, नवऱ्याला घेऊन पोलीस चौकी गाठली आणि चोराचं अंदाजे वर्णनही देऊन टाकलं. संध्याकाळी हवालदारांचा फोन आला. चोर फार शिस्तीचा आहे म्हणाले, स्कूटर मंडईच्या दारात स्टँडवर लावून, कुलूप घालून गेलाय.

दुसऱ्या एखाद्या घरात यावर आठवडाभर हसले असते. आमच्याकडे कोणी हसलं नाही, कारण आतल्या खोलीत आई होती. आईला अल्झायमर आहे. पंचाहत्तरीनंतर सुरू झाला. आता ती मला "बाई" म्हणते आणि रोज सकाळी चहा घेताना तुमचं गाव कोणतं म्हणून विचारते. मी रोज सांगते, तिला ते रोज आवडतं. पण स्कूटर सापडली त्या संध्याकाळी मी तिच्यासमोर बसले आणि मला पहिल्यांदा स्वतःची भीती वाटली. मी सत्तावन्न वर्षांची आहे.

माझा धाकटा भाऊ प्रदीप मिरजेला असतो. त्याला स्वतःची भीती अजिबात वाटत नाही आणि त्याचं कारण त्याचं नाक आहे. ते मोठं आहे, टोकाला वाकलेलं आहे आणि त्याच्या मते ते बाबांचं आहे. माझं आईसारखं बसकं. "नाक बाबांचं, म्हणजे डोकंही बाबांचंच आलं असणार," हे त्याचं शास्त्र. बाबा शेवटपर्यंत वीज मंडळातल्या प्रत्येक साहेबाची बदली तोंडपाठ म्हणायचे. तेव्हा प्रदीप सुटला होता आणि मी अडकले होते, आणि हे तो मला अगदी प्रेमाने, पाठीवर हात ठेवून सांगायचा.

आईच्या डॉक्टरांना मी विचारलं, माझी जनुकांची तपासणी करा. ते म्हणाले, आधी घरातली माहिती आणा. एक प्रकार असतो तो चाळिशी-पन्नाशीतच सुरू होतो. तो फार थोड्या घरांत सापडतो, पण सापडला की पिढ्यान् पिढ्या उतरतो. आईसारखा म्हातारपणी येणारा वेगळा. त्यात जनुकांचा हात असतो, एका जनुकाची एक जात आईबापांपैकी एकाकडून आली तर धोका वाढतो, दोघांकडून आली तर आणखी वाढतो. पण ती असून काही न झालेले लोक आहेत आणि नसून आजारी पडलेलेही आहेत. शिवाय रक्तदाब, साखर, तंबाखू, डोक्याला बसलेला मार, धूर, ऐकू न येणं, एकटं पडणं, हे सगळं त्यात आपापली भर घालतं.

"आणि नाक?" प्रदीपने विचारलं.

डॉक्टरांनी चष्म्याच्या वरून त्याच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "आईच्या माहेरी कोणाकोणाला होतं आणि कितव्या वर्षी सुरू झालं, एवढं विचारून या."

आईचं माहेर वर्धा जिल्ह्यात. बाबांच्या नोकरीमुळे आम्ही सांगलीत वाढलो आणि तिकडे जाणं लग्नामयताला तेवढं. आईची आई, जिला सगळे माय म्हणत, ती गेली तेव्हा मी चौथीत होते. मला तिच्या हातची लंबी रोटी आठवते, म्हणजे पालथ्या मडक्यावर भाजलेली, रुमालासारखी पातळ पोळी. बाकी काही नाही. आईला नवऱ्याच्या स्वाधीन करून मी आणि प्रदीप गोंदियाकडे जाणाऱ्या गाडीत बसलो. गाडीत काय झालं ते लिहीत नाही, प्रदीप घोरतो.

सिंदी मेघे

पहिला मुक्काम शांतामावशीकडे. ही आईची चुलत बहीण, निवृत्त शिक्षिका. वर्धा शहराला लागूनच सिंदी मेघे आहे, तिथे तिचं टुमदार घर आहे आणि दारात इतकी झेंडूची रोपं आहेत की बेल शोधावी लागते. आम्ही जय भीम घातला, तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काऊन वं, एवढी वाळली? तिकडं जेवाले नाई भेटत का?"

सांगलीत पाहुणा आला की आपण विचारतो, जेवणार का? इथे असं विचारणं म्हणजे अपमान. इथे पाहुण्याने नाही म्हणायचं असतं, यजमानाने ते ऐकायचं नसतं आणि पाटवडीच्या रश्श्याची वाटी भरायची असते. त्या रश्श्यावरची लाल तर्री पाहून प्रदीपने खिशातून रुमाल काढला. जेवण संपेपर्यंत बाबांचं ते नाक धबधब्यासारखं वाहत होतं.

हात धुतल्यावर मी मूळ विषय काढला. घरात विसरभोळं कोण होतं?

"होती ना," मावशी लगेच म्हणाली. "आमची भागाकाकू. लय इसरे. पावणे जेवाले बसले का वरणात तीनदा मीठ टाके. कोठीची किल्ली कुठं ठेवली थे तिले कधी याद नसे. अन् एक दिवस तं माह्या आईकडं पाह्यलं अन् भरल्या घरात विचारलं, हे बाई कोण हाये म्हणून. सख्खी जाऊ होती तिची."

"तेव्हा वय काय असेल?"

"चाळिशी असन. मी शाळेत होती."

चाळिशी म्हणजे तो पहिला प्रकार, पिढ्यान् पिढ्या उतरणारा. प्रदीपने हिशेब लावला की आपली चाळिशी होऊन गेली, म्हणजे आपण सुटलो. मी म्हटलं, पन्नाशीपर्यंत मुदत असते आणि ती टळली असली तरी माझी स्कूटर मंडईत होती.

मावशीच्या मते मात्र रक्ताचा काही दोष नव्हता. दोष जर्मनचा होता. जर्मन म्हणजे देश नव्हे, ॲल्युमिनियम. आपल्याकडेही जुन्या बायका त्या भांड्यांना जर्मनचीच म्हणतात. मावशीने कुठेतरी ऐकलं होतं की त्याने मेंदू बिघडतो. तेव्हापासून तिने घरातलं सगळं जर्मन माळ्यावर टाकलं होतं आणि शेजाऱ्यांचंही टाकायला लावलं होतं. डॉक्टरांना मी पुढे विचारलं, ते म्हणाले, हे जुनं बोलणं आहे, पक्कं काही सिद्ध झालेलं नाही. पण हे मावशीला सांगायची माझी छाती नाही. निघताना तिने माझ्या हातात गोरसपाक बिस्किटांचा पुडा दिला आणि बजावलं, "जर्मनच्या डब्यात ठेवजो नको."

तळेगाव

आर्वीवरून एस.टी.ने तळेगावला पोचलो तेव्हा बाजार भरात होता. गुणवंतमामा आम्हाला घ्यायला आला होता. हा आईचा मामेभाऊ, म्हणजे मायच्या भावाचा मुलगा. सत्तरीचा आहे, पण मोटरसायकलवर आम्हा दोघांना एकदम बसवण्याचा त्याचा आग्रह होता. मी नको म्हटलं. इथे नको म्हटलेलं ऐकत नाहीत हे वर सांगितलंच आहे. डोक्याला मार बसणं हेही एक कारण असतं असं डॉक्टर म्हणाले होते, ते मला वावराच्या रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्यात आठवलं. मामाने स्वतःच्या डोक्याला दुपट्टा घट्ट बांधला होता. आमची डोकी उघडी होती.

त्याची संत्र्याची बाग मात्र पाहावी अशी आहे. झाडं फळांनी इतकी लगडली होती की फांद्यांना बांबूचे टेकू दिलेले. झाडाखाली बसून संत्रं सोलायचं, साल तिथेच टाकायची, दुसरं घ्यायचं. आपण सांगलीकर ऊस खातो तेव्हा दातांना काम असतं, इथे कशालाच काम नसतं. प्रदीपचा मात्र निराळा शोध चालला होता. आमच्याकडे मावा मिळतो तसा इकडे खर्रा मिळतो, सुपारी-तंबाखू-चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून रगडलेला. त्याने तो कुठूनतरी मिळवला होता आणि परक्या मुलखात भाऊबंद भेटल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. मी त्याला डॉक्टरांची यादी ऐकवली. तो म्हणाला, "नाक बाबांचं आहे ताई."

मी गुणवंतमामाला तोच प्रश्न विचारला.

"विसरभोळी म्हणशीन तं आमची पारबता आत्या," तो म्हणाला. "संत्र्याच्या तोडीले माहेरी ये, अन् वापस जाचंच इसरे. माह्ये बाबा म्हणे, बाई, तुह्या घरी जा आता. थे म्हणे, कोणतं घर? मले तं गावच याद नाई."

"गाव आठवत नव्हतं?"

"नाई ना. मंग तिचा नवरा घ्याले ये. नवं लुगडं घेऊन ये. लुगडं पाह्यलं का मंग तिले गाव याद ये." मामा हसला. "दरसाल असंच."

मी हसले नाही. माझं डोकं दुसरीकडेच धावत होतं. भागाकाकू ही शांतामावशीची काकू, म्हणजे आईच्या बापाकडची. पारबता आत्या ही आईच्या आईकडची, मायची बहीण असणार. म्हणजे दोन्हीकडून. डॉक्टर म्हणाले होते ना, आईबाप दोघांकडून आलं तर धोका जास्त. आईला दोन्हीकडून आलं असेल तर तिच्या प्रत्येक मुलाला एक तरी मिळणारच, त्यातून सुटका नाही. हे मी प्रदीपला झाडाखाली काड्या मांडून समजावलं. दोन काड्या आईच्या, त्यातली एक मला, एक त्याला. तो काड्यांकडे बघत राहिला. मग त्याने तोंडातला खर्रा थुंकला. नाकाचं शास्त्र कोसळताना मी पहिल्यांदाच पाहत होते आणि मला जरासुद्धा आनंद झाला नाही. तो माझा धाकटा भाऊ आहे.

गुणवंतमामाला आमचे चेहरे बघून वाटलं की आम्हाला ऊन लागलं. त्याचं मत असं होतं की आईचा दोष नाही, दोष सांगलीचा आहे. "तिकडं ऊन कुठं हाये? नदीचं पाणी, उसाचं पाणी, सगळं ओलंच ओलं. पापडाले ऊन नाई दाखवलं तं काय होते? सादळते. मेंदूचंबी तसंच. तिले इकडं ठेवली असती तं कडक राह्यली असती." मी म्हटलं, मग पारबता आत्याचा मेंदू तळेगावात का सादळला? यावर त्याने आम्हाला संत्र्यांचं पोतं भरून दिलं.

"ताराले देजो," तो म्हणाला. तारा म्हणजे आमची आई. "तिले आमच्या बागेतले संत्रे लय आवडे. म्हणजो, गुणवंतानं देल्ले."

आंजी

परतीच्या वाटेवर आंजीला उतरायचं होतं, आईच्या पाठच्या भावाकडे, श्रावणमामाकडे. एस.टी. भरलेली होती, पोतं ड्रायव्हरच्या मागे ठेवलं. उभ्याने सगळा वेळ मी आणि प्रदीप दोन काड्यांवर बोलत होतो, आपल्यापैकी कोण आधी विसरायला लागेल आणि दुसऱ्याने त्याला कसं सांभाळायचं. त्याने मला वचन दिलं की तो मला कधी टाकणार नाही. मीही दिलं. दोघांचे डोळे भरले. मग आंजी आली म्हणून कंडक्टर ओरडला आणि आम्ही एकमेकांना आधार देत खाली उतरलो. गाडी वर्ध्याकडे निघून गेली. धूळ खाली बसल्यावर प्रदीप म्हणाला, "पोतं?"

मला वाटलं होतं त्याने घेतलंय. त्याला वाटलं होतं मी घेतलंय. रस्त्याच्या कडेला आम्ही इतके भांडलो की समोरच्या पानठेल्यावरचे लोक उठून उभे राहिले. मामाच्या घरी पोचल्यावर त्याने वर्ध्याच्या डेपोत फोन लावला. तिकडून सांगितलं की पोतं असं काही आलेलं नाही, पण गाडीत वास मात्र छान येतोय.

मामी गेली तेव्हापासून श्रावणमामा मुलाकडे राहतो. सून शिक्षिका आहे. तिने सोलेभात केला होता, म्हणजे तुरीच्या कोवळ्या दाण्यांचा भात, वर हिरवी मिरची आणि सांबार. सांबार म्हणजे इकडे कोथिंबीर, हे माहीत नसल्यामुळे प्रदीप बराच वेळ पातळ आमटीची वाट पाहत कोरडा भात खात होता. जेवण झाल्यावर अंगणात उन्हात बाज टाकून मामा बसला आणि मी सगळं सांगितलं. स्कूटर, आई, डॉक्टर, काड्या. मग विचारलं, "मामा, भागाकाकूला नेमकं काय झालं होतं?"

"कोणाले? मायले?"

"मायला नाही हो. भागाकाकू. शांतामावशीची काकू."

"तेच सांगून राह्यलो. थे माय होय."

"बरं. आणि पारबता आत्या? तळेगावची?"

"तेबी मायच."

प्रदीप बाजेवर ताठ बसला. मामा आमच्याकडे कीव आल्यासारखा पाहू लागला. "लग्नात पोरीचं नाव बदलत होते ना बाप्पा. माहेरी पारबता होती, सासरी आणली तं भागीरथी केली. आमच्यासाठी माय. काऊन, तुमच्या तिकडं नाई बदलत का?"

बदलतात. माझंच बदललं. माहेरी मी सुनंदा, सासरी संध्या. पुढेमागे माझी नातवंडं माझा शोध घेत निघाली तर त्यांना मिरजेत भावाकडे एक विसरभोळी सुनंदा सापडेल, सांगलीत एक विसरभोळी संध्या सापडेल आणि दोघींच्याही स्कूटरी हरवलेल्या असतील. हे मला तळेगावात सुचायला हवं होतं, आणि काकू ही लग्न होऊन आलेली, तिचं रक्त आईच्या बापाकडून येणारच कसं, हेही. आम्ही एका बाईच्या दोन बाया करून आईच्या दोन्ही बाजूंना एकेक बसवली होती आणि त्यावर रडून संत्री घालवली होती.

"म्हणजे एकटी माय विसरायची," मी म्हटलं. एक काडी का होईना, होतीच की.

मामा एवढा हसला की दुपट्टा सुटला. "माय? अवो, तिले सगळं याद होतं. कोणत्या लग्नात कोणत्या बाईनं तिले शेवटच्या पंगतीत बसवलं, थे तिनं मरेपर्यंत सांगतलं. वरणात मीठ ते शांताच्या आईच्या माहेरचे पावणे आले का टाके. कोठीची किल्ली माह्या आजीनं तिच्यापासून लपवली, तं हिनंबी लपवली. अन् शांताच्या आईले वळखलं नाई म्हणते, त्याच्या आदल्या दिवशी दोघींचं भांडण झालतं."

"आणि माहेरहून परत जायचं विसरायची ते?"

"लुगडं भेटे ना."

मला एकदम हलकं वाटलं, इतकं की मी हसता हसता रडायला लागले. मामाला वाटलं सोलेभात तिखट झाला. त्याने सुनेला गूळ आणायला सांगितलं.

हसणं ओसरल्यावर मामाने हळूच विचारलं, "ताराले माह्यी याद हाये का?"

मी खोटं बोलणार होते, पण जमलं नाही. म्हटलं, नाही मामा. कोणाचीच नाही. तुमचा फोटो दाखवला तर म्हणते, चांगला माणूस दिसतो.

त्याने सुटलेला दुपट्टा पुन्हा बांधला. "तिले नसन तं नसो," तो म्हणाला. "मले हाये ना तिची."

सांगली

घरी आल्यावर आधी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते हसले, मग म्हणाले, तुमची माय साठीतच गेली, पुढे काय झालं असतं ते कोणी सांगू शकत नाही. पण घरात एकट्या आईला, तेही एवढ्या वयात. तो चाळिशी-पन्नाशीतला प्रकार इथे दिसत नाही. तपासणी करायची तर करू, पण त्यातून कल कळेल, भविष्य नाही. त्यापेक्षा रक्तदाबाची गोळी वेळेवर घ्या, चाला, कान तपासा आणि माणसांत राहा. स्कूटरबद्दल म्हणाले, घरात एवढं आजारपण असलं की झोप अर्धी होते, लक्ष कुठेही जातं. मी तपासणी केली नाही. प्रदीपने मावा सोडलाय, दर सोमवारी सोडतो.

मग आम्ही दोघं आईसमोर बसलो. ती खिडकीशी उन्हात होती. मी सांगितलं, आम्ही वर्ध्याला गेलो होतो, तळेगावला, गुणवंताच्या बागेत. ती नेहमीसारखी परक्याचं ऐकावं तशी ऐकत होती. अचानक तिने मान वळवली आणि सांगलीत तिच्या तोंडून कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं अशा बोलीत म्हणाली, "तळेगावले गेलते अन् संत्रे नाई आणले?"

मी प्रदीपकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. "विसरलो," तो म्हणाला.

"दोघंबी?" आई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता तिची नजर प्रदीपच्या चेहऱ्यावर थांबली. तिने हात पुढे केला आणि त्याच्या नाकाच्या वाकलेल्या टोकाला बोट लावलं. "हे तं मायचं नाक हाये."

जे नाक तो जन्मभर बाबांचं म्हणून मिरवत आला, ते आईच्याच घरचं निघालं. आधी त्याचा चेहरा पडला. मग त्याला आठवलं की मायला मरेपर्यंत सगळं लख्ख आठवत होतं आणि तो माझ्याकडे असा विजयाने पाहू लागला की मला त्याला चिमटा काढावासा वाटला.

मला राहवलं नाही. मी पुढे सरकले. "आणि माझं? माझं कोणाचं आहे?"

आईने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. उजेडाकडे वळवला, पुन्हा आपल्याकडे वळवला. तिला मी कोण ते आठवत नव्हतं, हे तिच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं. पण ती माझ्या नाकाकडे फार लक्ष देऊन बघत होती.

"तुह्यं?" ती म्हणाली. "तुह्यं तं तुह्यंच हाये, बाई."

मग तिने माझं गाव कोणतं म्हणून विचारलं आणि मी सांगितलं.